बिल महिन्याने येते, हिशेब अर्ध्या तासाला होतो

शाळेत मला गणित शिकवणारे सर आता पंचाहत्तरीत आहेत. काही महिन्यांपूर्वी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. "अरे, नवा मीटर बसवून गेले आणि बिल बघतोय तर ३१० युनिट! मागच्या वर्षी याच महिन्यात १९० होते. घरात आम्ही दोघंच. एसी नाही, पाहुणे नाहीत. मीटर पळतोय, दुसरं काय?"

मी भेटायला गेलो तेव्हा घरात काटकसर सुरू झालेली दिसली. काकूंनी वॉशिंग मशीन बंद ठेवून कपडे हाताने धुवायला सुरुवात केली होती. गुडघे दुखत असताना. सर दुपारी पंखा न लावता बसत होते. पेन्शनीत बसवायचे तर कुठेतरी कात्री लावायलाच हवी, असे त्यांचे म्हणणे. शेजारच्या दोन-तीन घरांतही हीच चर्चा होती: नवा मीटर म्हणजे जास्त बिल.

मीटर चुकीचा असू शकतो. कोणतेही यंत्र असू शकते. पण तो चुकीचा आहे की नाही हे तपासायचे साधन त्याच नव्या मीटरमध्ये आहे, ही गोष्ट फारशी कुणाला सांगितली जात नाही. त्यासाठी हा मीटर नेमके काय नोंदवतो आणि त्या नोंदींचे पुढे बिल कसे होते, एवढे समजून घ्यावे लागेल.

मीटर रुपये मोजत नाही

एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. १००० वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. जुन्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरायची आणि तिच्या फेऱ्यांवर आकडे पुढे सरकायचे. महिन्यातून एकदा माणूस येऊन आकडा लिहून न्यायचा. या महिन्याचा आकडा वजा मागच्या महिन्याचा आकडा, एवढाच हिशेब.

इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये फिरणारे काही नसते. तो विजेचा दाब आणि प्रवाह सेकंदाला हजारो वेळा मोजतो, दोन्हींचा गुणाकार करतो आणि ते सगळे गुणाकार साठवत जातो. ठरावीक साठा झाला की लाल दिवा एकदा लुकलुकतो. मीटरच्या तोंडावर किलोवॉट-तासाला किती 'इम्पल्स' ते छापलेले असते. तिथे ३२०० असेल, तर ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट.

इथपर्यंत जुन्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये आणि नव्या स्मार्ट मीटरमध्ये फरक नाही. फरक पुढे आहे. नव्या मीटरमध्ये घड्याळ असते आणि दर १५ किंवा ३० मिनिटांनी तो त्या कालखंडातला वापर वेगळा लिहून ठेवतो. अर्ध्या तासाची नोंद धरली तर दिवसाला ४८ आणि ३० दिवसांच्या महिन्याला १४४० आकडे होतात. पूर्वी महिन्याला एकच आकडा हाती यायचा.

मधुमेह असणाऱ्यांना हा फरक लगेच कळेल. एचबीए१सी ही तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. साखर वाढली हे कळते, पण कधी आणि कशाने, ते कळत नाही. दंडावर लावायचा सेन्सर मात्र दर काही मिनिटांनी नोंद घेतो, म्हणून जेवणानंतरची उडी वेगळी दिसते आणि पहाटेची वेगळी. अर्ध्या तासाच्या नोंदी घराच्या वीजवापराचे तसेच चित्र देतात.

नोंदीपासून बिलापर्यंत

हे आकडे मीटरमधून वीज कंपनीच्या संगणकाकडे जातात. काही ठिकाणी मीटरमध्ये मोबाइलसारखे सिमकार्ड असते, काही ठिकाणी एका मीटरकडून दुसऱ्याकडे रेडिओ लहरींनी निरोप पोचतो. तिथे पहिली पायरी असते पडताळणीची.

पडताळणीचा नियम साधा आहे. मीटरमध्ये दोन प्रकारचे आकडे असतात. एक, सतत वाढत जाणारा एकूण आकडा, म्हणजे जुन्या मीटरवर दिसायचा तोच. दुसरे, अर्ध्या तासाचे तुकडे. कोणत्याही दोन वेळांच्या मधल्या सगळ्या तुकड्यांची बेरीज ही त्या दोन वेळच्या एकूण आकड्यांच्या फरकाएवढी यायला हवी. दशांशाच्या शेवटच्या घरात किरकोळ फरक पडू शकतो, त्याहून जास्त पडला तर काहीतरी बिघडले आहे.

कधी नेटवर्क नसते आणि काही नोंदी पोचत नाहीत. समजा रात्री २ वाजता एकूण आकडा १४१२.३० होता आणि साडेतीनला १४१२.६६. मधल्या तीन नोंदी नाहीत. पण फरक ०.३६ युनिट आहे हे पक्के आहे. संगणक प्रत्येक अर्ध्या तासाला ०.१२ असे वाटून देतो आणि त्या नोंदींवर 'अंदाजे' अशी खूण करतो. एकूण युनिट यामुळे बदलत नाहीत. अंदाज असतो तो फक्त वाटणीचा. नोंदी मीटरच्या स्वतःच्या स्मृतीतही राहतात, त्यामुळे नेटवर्क परत आल्यावर बहुधा खऱ्या नोंदीही मिळतात.

दुसरी पायरी, वेळेच्या पट्ट्यांची. दिवसाच्या वेळेनुसार दर वेगळा असेल, तर प्रत्येक पट्टीतले युनिट वेगळे काढावे लागतात. यालाच टाइम ऑफ डे, म्हणजे टीओडी म्हणतात. आपल्याकडच्या अशा मीटरमध्ये प्रत्येक पट्टीचा वेगळा वाढता आकडाही असतो. महिना संपला की १ तारखेच्या मध्यरात्री मीटर हे सगळे आकडे एकाच क्षणी टिपून ठेवतो. त्यामुळे कुणी चार दिवस उशिरा वाचले, तरी आकडे मध्यरात्रीचेच राहतात. अर्ध्या तासाच्या नोंदींवरून तीच बेरीज पुन्हा करता येते, म्हणजे पडताळाही हाताशी असतो.

तिसरी पायरी दरांची. आपल्याकडे घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत. टप्पा ठरतो महिन्याच्या एकूण युनिटवर. टीओडीची सवलत ठरते त्या पट्टीतल्या युनिटवर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गोंधळ बहुतेक इथेच होतो.

सरांचेच आकडे घेऊ. दर समजण्यापुरते गोल धरतो: पहिल्या १०० युनिटना ६ रुपये, पुढच्या २०० ना १२, त्यापुढे १६. मागच्या वर्षीचे १९० युनिट म्हणजे ६०० अधिक १०८०, एकूण १६८० रुपये. या वर्षीचे ३१० युनिट म्हणजे ६०० अधिक २४०० अधिक १६०, एकूण ३१६० रुपये. दोन्ही वर्षांना दर तेच धरले आहेत, तरी युनिट ६३ टक्क्यांनी वाढले आणि रक्कम ८८ टक्क्यांनी. वाढलेले प्रत्येक युनिट वरच्या टप्प्यात पडते, म्हणून बिल युनिटपेक्षा वेगाने चढते. यात मीटरचा काही हात नाही.

आता ३१० पैकी ११० युनिट दिवसाच्या सवलतीच्या वेळेत वापरले असतील आणि सवलत युनिटला ८० पैसे असेल, तर ८८ रुपये वजा होतात. उरतात ३०७२. यात स्थिर आकार, इंधन समायोजन आकार आणि घरगुती ग्राहकांना लागणारे १६ टक्के वीज शुल्क मिळवले की बिल तयार होते. खरे दर बिलावर छापलेले असतात. तिथे वीज आकार आणि वहन आकार वेगळे दाखवतात, तेव्हा युनिटचा दर काढताना दोन्हींची बेरीज घ्यायची.

वेळेला किंमत का?

वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे अजून महाग आहे. ज्या क्षणी मागणी, त्याच क्षणी निर्मिती, असा ताळमेळ ठेवावा लागतो. भारतीय वीजजाळ्यात यासाठी दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग केले आहेत. कोणत्या केंद्राने कोणत्या भागात किती वीज द्यायची, ते आधी ठरते. वीज बाजारातले भावही या भागांप्रमाणे बदलतात. दुपारी सौर प्रकल्प भरपूर वीज देत असतात. संध्याकाळी सूर्य मावळतो आणि नेमके त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात. त्या दोन-चार तासांसाठी महागडी वीज आणावी लागते.

महिन्याला एकच आकडा असलेल्या बिलात हा फरक दिसणे शक्य नव्हते. दुपारी एकला कपडे धुणारे घर आणि रात्री आठला धुणारे घर, दोघांना दर एकच. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली आणि सौर तासांत दर किमान २० टक्के कमी, तर गर्दीच्या तासांत सामान्य दरापेक्षा जास्त ठेवावा, असे तत्त्व घातले. शेतीपंप वगळून इतर ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२५ ही मुदत होती. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटला ८० पैसे सवलत सुरू झाली. कारखान्यांना अशी वेळेनुसारची बिले नवी नाहीत. घरांसाठी मात्र ही पद्धत नवी आहे.

हा बदल सगळ्यांना सारखा फायद्याचा नाही, हेही सांगायला हवे. दिवसभर घरी असणाऱ्या ज्येष्ठांना, घरून काम करणाऱ्यांना वापर दुपारी नेणे सोपे. सकाळी आठला घर सोडून संध्याकाळी सातला परतणाऱ्या जोडप्याला ते अवघड. त्यांच्या हाती राहते ते टायमर लावता येणारे वॉशिंग मशीन किंवा टाकीचा पंप.

सरांच्या वहीतला आलेख

सरांच्या मोबाइलवर वीज कंपनीचे ॲप होते, पण ते फक्त बिल भरायला. त्यातच अर्ध्या तासाचा वापर दिसत होता. आम्ही एका दिवसाचे ४८ आकडे वहीत उतरवले. सरांनी सवयीने आलेख काढला.

सकाळी गिझरचा उंच खांब होता, संध्याकाळी छोटा डोंगर. नजर अडली ती रात्री १ ते पहाटे ५ वर. दोघे झोपलेले, चालू काय तर फ्रिज, वायफायचे राउटर आणि एक बारीक पंखा. तरी प्रत्येक अर्ध्या तासाला ०.१२ युनिट. अर्ध्या तासातल्या युनिटची दुप्पट केली की सरासरी किलोवॉट मिळतात. म्हणजे सतत २४० वॉट. फ्रिजची सरासरी, राउटर आणि पंखा मिळून ८० वॉटच्या आसपास यायला हवे होते. उरलेले १६० वॉट कुठे जात होते?

"मीटर पळतोय," सर पुन्हा म्हणाले. मग आधी मीटरच तपासू म्हटले. घरातले सगळे बंद केले. लाल दिव्याची लुकलुक थांबली. मग पाणी तापवायचा १००० वॉटचा रॉड बादलीत ठेवून चालू केला. ३२०० इम्पल्सचा मीटर असेल, तर तासाला ३२००, म्हणजे मिनिटाला ५३ लुकलुकी यायला हव्यात. सरांनी घड्याळ धरले, मी मोजले. ५१. त्या वेळी विजेचा दाब थोडा कमी असावा, रॉडही अगदी १००० वॉटचा नसतो. हा घरगुती प्रयोग प्रयोगशाळेच्या तोडीचा नाही, पण दीडपट पळणारा मीटर यात लपत नाही. सत्तर-ऐंशी लुकलुकी आल्या असत्या.

मग रोज रात्री एक गोष्ट बंद करायची आणि सकाळी नोंद बघायची, असे ठरले. पहिल्या रात्री पंखा बंद. आकडा जवळपास तोच. दुसऱ्या रात्री गच्चीवरच्या प्रेशर पंपाचे बटण बंद. सकाळी सरांचा फोन आला. "०.०४!"

नळाला जोर यावा म्हणून बसवलेला हा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप पाइपमधला दाब उतरला की आपोआप सुरू होतो. संडासाच्या फ्लशच्या टाकीतला वॉशर गेला होता. पाण्याची बारीक धार आवाज न करता वाहून जात होती, दाब उतरत होता, पंप पुन्हा सुरू होत होता. अर्ध्या तासात साधारण दहा मिनिटे, दिवसरात्र. ०.०८ गुणिले ४८ म्हणजे दिवसाला जवळपास ४ युनिट. महिन्याला ११५ ते १२०. सरांच्या बिलातली वाढ तेवढीच होती. नवा मीटर आणि गेलेला वॉशर एकाच महिन्यात आले, एवढेच.

वॉशर बदलायला फारसा खर्च आला नाही. काकूंनी त्याच दिवशी मशीन पुन्हा सुरू केले. आता ते दुपारी लावतात.

मीटरवर शंका असेल तर

प्रत्येक घरात गेलेला वॉशरच सापडेल असे नाही. जुन्या चकतीच्या मीटरमध्ये घर्षणामुळे अगदी कमी भार नीट मोजला जात नसे. टीव्हीचा, चार्जरचा सतत चालणारा बारीक वापर नवा मीटर पकडतो. आणि कधी चूक खरोखर मीटरची किंवा बिलाचीही असते. तक्रार करण्याआधी काही गोष्टी स्वतः पाहता येतात.

बिल किती दिवसांचे आहे ते बघा. ३० दिवसांच्या बिलाची ४० दिवसांच्या बिलाशी तुलना करू नका. मीटर बदलला असेल, तर जुन्या मीटरचा शेवटचा आकडा आणि नव्याचा पहिला आकडा बिलात बरोबर आला आहे का, ते पाहा. मीटर बदलताना दोन्हींचा फोटो काढून ठेवलेला बरा.

मीटरवरचे बटण दाबत गेले की तारीख आणि वेळ दिसते. ती मोबाइलच्या घड्याळाशी ताडून पाहा. घड्याळ अर्धा तास मागे-पुढे असेल, तर एकूण युनिट बरोबर राहतील, पण सवलतीच्या वेळेतले युनिट चुकतील.

ॲपमधले दिवसाचे ४८ आकडे एकदा बेरीज करून त्या दिवसाच्या एकूण वापराशी जुळवा. '९:००' असे लिहिलेली नोंद साडेआठ ते नऊची आहे की नऊ ते साडेनऊची, हेही विचारून घ्या. काही ठिकाणी कालखंडाची सुरुवात लिहितात, काही ठिकाणी शेवट. सवलत नऊला सुरू होत असेल, तर हा फरक हिशेबात उतरतो.

सगळे बंद असूनही लाल दिवा लुकलुकत राहिला, तर घरातल्या वायरिंगमध्ये गळती असू शकते. ती पैशांपेक्षा जिवाला धोक्याची. परवानाधारक वायरमनला बोलवा, स्वतः हात घालू नका.

इतके करूनही आकडे पटले नाहीत, तर तक्रार लेखी द्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, मीटरचे आकडे वापराशी जुळत नाहीत अशी ग्राहकाची तक्रार आली, तर वितरण कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर बसवायचा आणि तो किमान तीन महिने ठेवायचा असतो. आणखी एक तरतूद उपयोगी आहे: स्मार्ट मीटरमध्ये मंजूर भारापेक्षा जास्त मागणी नोंदली गेली, म्हणून तो मीटर बसण्याआधीच्या काळासाठी दंड लावता येत नाही. कंपनीकडून दाद मिळाली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत. तिथे जाताना अर्ध्या तासाच्या नोंदी जोडल्या, तर "बिल जास्त आले" यापेक्षा "अमुक तारखेला रात्री २ ते ४ आम्ही गावाला असताना एवढी नोंद आहे" असे म्हणता येते.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. या नोंदींवरून घर कधी रिकामे असते, माणसे कधी उठतात, कधी झोपतात, हे कुणालाही वाचता येते. ॲपचा पासवर्ड कुणाला देऊ नका आणि आलेखाचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. मदत हवी असेल तर सरांसारखे करा. वहीत आकडे उतरवा आणि ओळखीच्या माणसाला घरी बोलवा.

सरांनी आता महिन्यातून एकदा रात्री १ ते ५ चे आठ आकडे वहीत लिहायचा नेम केला आहे. शेजारच्या त्या दोन-तीन घरांची पानेही त्याच वहीत आहेत. एका घरात रात्रभर चालू राहणारा गिझर सापडला. दुसऱ्या घराच्या नोंदींचा उलगडा मात्र झाला नाही. त्यांनी पडताळणीचा मीटर मागितला आहे आणि त्याचे आकडेही सरच लिहिणार आहेत.